खुणेचा थेंब

पुलाच्या पायऱ्या लागल्या तशी ताईने माझं मनगट धरलं. "थांब," म्हणाली, "आधी त्यांना वर जाऊ दे."

वाचनालयाला कुलूप लावून आम्ही निघालो त्याला पाऊण तास होऊन गेला होता. इस्त्रीवाल्याच्या कोपऱ्यावरून हॉस्पिटलचं मागचं फाटक, तिथे काही कारण नसताना दहा मिनिटं उभं राहणं, मग कालव्याच्या कडेकडेने लांबचा रस्ता, आणि आता हा लोखंडी पूल. दर मंगळवारी हेच. दिवस कलायला आला की ताई माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहायची, पायात पांढरे बूट, आणि म्हणायची, "चल धाकटे, माझी साखर फिरवून आणू." ती माझी थोरली जाऊ. तिला साखरेचा त्रास आहे, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, असं मी तीन वर्षं धरून चालले होते. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आम्हाला बघून इस्त्री उभी करून ठेवायचा. "दोन जावा आणि भांडण नाही," म्हणायचा, "जगबुडी जवळ आली म्हणायची."

"भांडतो की," ताई म्हणायची. "तुझ्यासमोर फुकट कशाला? तिकीट लावू."

त्या मंगळवारीही ती असंच बोलली होती. पण पुलापाशी तिने धरलेलं मनगट सोडलं नाही.

आमच्या पुढे वीसेक पावलांवर एक आई आणि तिची मुलगी पायऱ्या चढत होत्या. आई हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसते. तिला दिसत नाही. तिच्या नवऱ्यालाही नाही. मुलगी पंधरा वर्षांची. शाळा सुटली की सहाच्या सुमाराला फाटकाशी जाते आणि आईला घरी आणते. आईचा हात मुलीच्या कोपराला, काठी मिटून काखेत, आणि दोघींची तोंडं सतत चालू. मुलीला मी ओळखत होते, ती दर शनिवारी माझ्याकडे पुस्तकं बदलायला येते. तीन वर्षं दर मंगळवारी या दोघी आमच्यापुढे असतात हे मला दिसत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. माणसं ठरलेल्या वेळेला ठरलेल्या रस्त्याने जातात.

उजेड बराच उतरला होता. पुलावरचे दिवे अजून लागले नव्हते. सगळ्यात वरच्या पायरीशी मुलगी क्षणभर थांबली, पाय पुढे करून बुटाचं टोक लोखंडावर दोनदा आपटलं, आणि मग पाऊल टाकलं. टक टक. आम्हाला खालपर्यंत ऐकू आलं.

"बघितलंस?" ताई म्हणाली.

"काय?"

"पाय आपटला."

"आईला कळावं म्हणून. पायऱ्या संपल्या म्हणून."

"आईला कळावं म्हणून, की तिला स्वतःला दिसली नाही म्हणून?"

मला काही समजलं नाही. ताई खालच्याच पायरीवर बसली. रुमाल काढला, झटकला, आणि माझ्यासाठी शेजारी पसरला. "बस," म्हणाली. "आज चालणं एवढंच. आज बोलायचं आहे."

ती काय बोलली ते सांगण्याआधी ती कोण हे सांगायला हवं.

ताई सव्वीस वर्षं एका दवाखान्याच्या लॅबमध्ये होती. ज्यांना मूल होत नाही त्यांच्यासाठीचा तो दवाखाना. बाईच्या शरीरातून काढलेलं बीज आणि नवऱ्याचं बीज एकत्र आणायचं, पाच दिवस उबेत वाढवायचं, आणि मग परत आईच्या पोटात ठेवायचं, हे तिचं काम. केसापेक्षा बारीक काचेची सुई असते. ती सूक्ष्मदर्शकाखाली बीजाच्या आत घालायची, आणि बीज फुटता कामा नये. डॉक्टरांचा हात कापायचा, ताईचा कधीच नाही. म्हणून तिथे सगळे तिला सुईताई म्हणत. घरात मात्र तिला साधी सुई ओवायचा कंटाळा. सासूबाई म्हणायच्या, "हिला बटण लावायला सांगा, म्हणजे शर्टच टाकून देईल." ताई हसून शर्ट माझ्याकडे फेकायची.

तिला स्वतःला दोन मुलगे. "दोन्ही न मागता आले, आणि अजून न मागताच येतात," असं ती त्यांच्या तोंडावर म्हणते. आमचे थोरले दीर गेले तेव्हा ती तेराव्या दिवसानंतर नाही, चौथ्याच दिवशी कामावर गेली. लोकांनी नावं ठेवली. मीही मनात ठेवली. पुढे कळलं, त्या दिवशी कुणाचे तरी पाच दिवस पूर्ण होत होते.

ती गर्भ म्हणत नसे. दाणे म्हणायची. "आज नऊ दाणे होते, चार राहिले." मी देवाधर्माची. सकाळी देवापुढे बसल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही, आणि मला त्या चार आणि नऊच्या मधल्या पाचांचं काहीतरी व्हायचं. एकदा बोलून गेले, "ताई, देवाच्या कामात किती हात घालायचा?"

ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझा चष्मा काढ."

"का?"

"देवाने तुला धूसर दाखवायचं ठरवलं होतं. तू कशाला मधे पडलीस?"

माझा चष्मा मी रात्री उशाशी काढून ठेवते, तिने केलेलं तसं काढून ठेवता येत नाही, हे उत्तर मला त्या पायरीवर बसल्यावर सुचलं, आणि तोवर ते बोलण्यात अर्थ उरला नव्हता.

आता ती काय बोलली ते.

सोळा वर्षांपूर्वी त्यांच्या दवाखान्यात एक जोडपं आलं. दोघांनाही एकच डोळ्यांचा आजार. डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या रांगेतच त्यांची ओळख झालेली. हा आजार रक्तातून येतो. लहानपणी चांगलं दिसतं, चौदा-पंधराव्या वर्षी आधी संध्याकाळचं दिसेनासं होतं, मग कडेकडेचं, आणि तिशीच्या आत पडदा पडतो. एकट्या बापाला असता तर पाच-सहा दाण्यांतून चांगला दाणा निवडता आला असता. इथे दोघांनाही होता, म्हणून निवडायला काही नव्हतंच. होणारं प्रत्येक मूल तसंच होणार.

"आई तेव्हा सत्तावीसची होती," ताई म्हणाली. "मला म्हणाली, तुमचा चेहरा मला मधोमध तेवढा दिसतो, कानही दिसत नाहीत. हसत म्हणाली गं."

मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं की दाण्यातच दुरुस्ती करायची. बीज एकत्र येतानाच सुईतून एक औषध आत सोडायचं, ते रक्तातली ती चूक शोधतं आणि नीट करतं. याला परवानगी नव्हती. शिकण्यापुरतं करा, पण असं मूल जन्माला घालू नका, असा कायदा होता. आई-बापांनी दोघांनी पाय धरले. दुरुस्तीचं कागदावर काही लिहायचं नाही असं ठरलं. सुई ताईने धरली.

"तुला भीती नाही वाटली?"

"हात कापला नाही," ती म्हणाली. तिने उत्तर दिलं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सहा दाण्यांत औषध घातलं. पाच दिवसांनी चार राहिले. चारही दाण्यांच्या पेशी काढून तपासल्या. पहिला अर्धामुर्धा बदललेला, दुसरा आणि चौथा जसेच्या तसे, आणि तिसरा पूर्ण दुरुस्त. तिसरा ठेवायचा ठरलं.

ताईने इथे पायरीवरचे खडे गोळा केले आणि माझ्या रुमालाच्या मोकळ्या कोपऱ्यावर गोल मांडले. मला काही कळत नाही असं वाटलं की ती नेहमी वस्तू मांडते.

"हे थेंब. एका बशीत असे गोलात सहा थेंब असतात, पाण्यासारखेच, वर तेल. एकेका थेंबात एकेक दाणा. सगळे सारखे दिसतात, म्हणून बशीच्या तळाला सुईने एक ओरखडा काढायचा. ती खूण. खुणेपासून उजवीकडे मोजत जायचं. कळलं?"

"कळलं."

"मी खुणेवरचा थेंब रिकामा ठेवायचे, सुई धुवायला. माझा पहिला दाणा खुणेच्या पुढच्या थेंबात. माझ्याबरोबर जी दुसरी होती ती खुणेवरच पहिला ठेवायची. सगळ्यांना माहीत होतं. आपापल्या बशा आपण भरायच्या, आपणच उचलायच्या, मग काय फरक पडतो? त्या दिवशी सकाळी नव्या बशीत दाणे हलवायचे होते आणि मी डॉक्टरांबरोबर आत होते. तिने हलवले. दुपारी मी उचलला. आमच्यात नियम होता, एकीने कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसरीने सूक्ष्मदर्शकातून बघून म्हणायचं. ती म्हणाली तीन. मी मोजलं. मी म्हणाले तीन."

तिने खुणेच्या पुढच्या खड्यापासून मोजलं. एक, दोन, तीन. मग खुणेपासून मोजलं. तोच खडा चौथा होता.

मी त्या खड्यावर बोट ठेवलं.

"पण खुणेवरचा थेंब रिकामा आहे की नाही, हे तुला दिसलं असेल की."

"तेच तर," ताई म्हणाली. "मी तिकडे बघितलं का? सोळा वर्षं मी रोज ती बशी डोळ्यांपुढे आणते. कधी तो थेंब रिकामा असतो. कधी त्यात दाणा असतो. आता मी जे बघते ते मीच काढलेलं चित्र आहे."

तिला हे कळलं तीन आठवड्यांनी. त्या दुसरीला तिने एका बशीत खुणेवरच पहिला दाणा ठेवताना बघितलं, आणि त्या दिवशी दाणे हिनेच हलवले होते हे ताईला आठवलं. दुसरीला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "बशी तुमची म्हणून तुमच्याच पद्धतीने भरली असेल बहुतेक." उरलेले दाणे तर त्याच दिवशी टाकून दिलेले. बाईला दिवस गेल्याचं आदल्याच दिवशी कळलं होतं. आई लॅबच्या दाराशी येऊन ताईच्या गळ्यात पडली होती.

"तेव्हा सांगायचं होतंस."

"हो."

"डॉक्टरांना तरी."

"डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी पोटातलं पाणी तपासायला लावलं असतं. आणि चौथा निघाला असता तर?" तिने पुलाकडे मान केली. मायलेकी केव्हाच पलीकडे उतरल्या होत्या. "तर आज पाय आपटायला ती नसती."

कालव्यावरून वारा येत होता. एक सायकलवाला पायऱ्यांशी उतरला, सायकल खांद्यावर घेतली आणि आम्हाला "आज्यांनो, वाट द्या" म्हणाला. ताई म्हणाली, "आजी असेल तुझी आजी." आणि सरकून बसली.

डॉक्टरांनी जन्मानंतरही तपासणी केली नाही, कागद नको म्हणून. सात वर्षांपूर्वी ते वारले. दवाखाना बंद झाला, त्या जागी आता फर्निचरचं दुकान आहे. आई-बाप निर्धास्त आहेत. मुलगी नीट झाली असं त्यांना डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय, आणि देव मानावा तसं त्यांनी ते मानलंय. मुलगी कशी चालते हे बघायला त्या घरात डोळेच नाहीत. म्हणून ताई बघते. मुलगी बारा वर्षांची झाली तेव्हापासून दर मंगळवारी, दिवेलागणीच्या आधी. दिवस कलताना निघायचं, फाटकाशी दहा मिनिटं थांबायचं, हे साखरेमुळे नव्हतं. त्या मुलीमुळे होतं.

"कधी वाटतं ती तिसरी आहे," ताई म्हणाली. "त्या दिवशी चेंडू आला आणि तिने न बघता झेलला. मी घरी जाऊन जेवले पोटभर."

"तिला नाव आहे, ताई. तिसरी काय."

"तुझ्याकडे नाव आहे. माझ्याकडे आकडाच होता." मग म्हणाली, "तिसरी असली तरी सुटका नाही गं. मग माझी सुई तिच्यात आहे. तिच्या पोरांत जाईल, त्यांच्या पोरांत जाईल. औषधाने ती चूक नीट केली, आणखी कुठे हात लावला का, हे आम्ही बघितलंच नव्हतं. बघता येत नव्हतं तेव्हा. आणि चौथी असली तर जशी देवाने पाठवली तशी आहे, तुझ्या मनासारखी. फक्त तिचे डोळे जाणार."

"माझ्या मनासारखी म्हणू नकोस."

"बरं."

तेव्हापासून सकाळी देवापुढे बसले की मी त्या मुलीचं नाव घेते. काय मागायचं ते मात्र मला ठरवता येत नाही. ती ताईच्या हाताची असावी असं मागू, की नसावी असं? नुसतं नाव घेते आणि उठते. आजवर मला देवाकडे मागायचे शब्द कधी कमी पडले नव्हते.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. ताई मंगळवारी येत नाही. रविवारी फोन करते, मुलग्यांच्या तक्रारी सांगते, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, आणि विचारायचं ते विचारत नाही. मी सांगायचं ते सांगत नाही. मुलगी दर शनिवारी येते. त्या दिवशी वाचनालयात आल्याआल्या मी सगळ्यात आधी मागच्या खोलीतला दिवा लावते आणि बंद होईपर्यंत तो तसाच ठेवते. वीज फुकट जाळते म्हणून शिपाई कुरकुरतो.

परत त्या पायरीवर येते. दिवे लागले होते. मी ताईला म्हटलं, "चल, आत्ताच त्यांच्या घरी जाऊ. मी असते तुझ्याबरोबर. आहे ते सांगून टाक. कदाचित असं झालं असेल, म्हणून सांग. डोळ्यांचे डॉक्टर रक्त तपासतील, काय ते कळेल."

"आणि डॉक्टर विचारतील, ही शंका आली कुठून? मग? अशी मुलगी आपल्या देशात दुसरी असल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, धाकटे. तिच्या दाराशी कॅमेरे लागतील. शाळेत पोरी तिला हात लावून बघतील. मला तुरुंगात घातलं तर घालू देत, मी आता सहासष्टची, जेवण आयतं मिळेल. पण ती तिसरी असेल तर? काही न होता तिचं अख्खं आयुष्य लोकांच्या डोळ्यांपुढे जाईल."

"आणि चौथी असेल तर?"

"तर वेळ जातोय," ती म्हणाली. "आता त्यावर इंजेक्शन निघालंय. गेलेलं परत देत नाही, आहे तेवढं राखतं. पण सुरुवातीलाच द्यावं लागतं. उशीर झाला की संपलं."

रुमालावरचे खडे तिने एकेक करून कालव्यात टाकले. सहाच्या सहा. आवाजही आला नाही.

"म्हणून मला आधी कळायला हवं," ताई म्हणाली. "एवढंच. आईबरोबर असते तोवर कळणारच नाही. ती पाय आपटते ते आईसाठीही असेल. ती एकटी असताना बघायला हवं. अंधारात."

मी तिच्याकडे बघितलं. ती काय मागणार ते मला कळलं होतं, आणि ते तिने मागू नये म्हणून मी उठून उभी राहिले. तिने माझ्या पदराचं टोक धरलं.

"तुमच्या मागच्या खोलीत जुन्या कादंबऱ्या आहेत ना? आणि दिव्याचं बटण पार त्या टोकाला, कपाटाच्या पलीकडे. मधे त्या खाली जाणाऱ्या दोन पायऱ्या. तूच म्हणायचीस, दिवा नसला तरी दारातून येणाऱ्या उजेडात त्या चांगल्या डोळ्यांना दिसतात. शनिवारी ती येईल. संध्याकाळी पाठव तिला एकटीला, एखादं पुस्तक आणायला. आधी बटणापर्यंत जायला लागेल असं कर. पायरी आहे म्हणून सांगू नकोस. तू दारात उभी राहा आणि नुसती बघ. अडखळली तर मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगते, तुझ्या देवाची शपथ. पण तिला कळू देऊ नकोस की कुणी बघतंय. दिवा लावू नकोस, धाकटे. एवढं एकदा माझ्यासाठी कर."